भिंगावरचा ओरखडा

बाबांच्या कॅमेऱ्याच्या लेन्सवर एक ओरखडा आहे. तो मी पाडला.

तेव्हा मी सात वर्षांचा होतो. आम्ही साताऱ्याहून दापोलीजवळच्या मुरुडला गेलो होतो. कॅमेरा याशिकाचा, एफएक्स-थ्री, ५० मिमीच्या लेन्ससकट. बाबांनी तो लग्नाआधी, नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत पैसे साठवून घेतलेला. समुद्रावर वारा सुटला होता आणि लेन्सवर बारीक वाळू बसली होती. बाबा शहाळी आणायला गेले, कॅमेरा चटईवर ठेवून. आपण मदत करावी म्हणून मी टी-शर्टच्या टोकानं लेन्स खसाखसा पुसली. आई चष्मा पदरानं पुसायची, तशीच.

बाबा ओरडले नाहीत. त्यांनी लेन्स उन्हात धरली, वेगवेगळ्या कोनांतून बराच वेळ पाहिली आणि झाकण लावून टाकलं. आमच्या घरच्या अल्बममधलं शेवटचं पान मुरुडचं आहे. त्यानंतर त्या कॅमेऱ्यानं काढलेला एकही फोटो घरात नाही. वीस वर्षं मी मनात हे गणित पक्कं करून बसलो होतो: मी लेन्स पुसली, म्हणून बाबांनी फोटो काढणं सोडलं.

गेल्या दिवाळीत माळा आवरताना कॅमेरा सापडला. समोरच्या काचेवर सेंटिमीटरभर लांब, केसासारखी एक रेघ आणि तिच्या आजूबाजूला बारीक रेघांचं जाळं. दुरुस्त करून बाबांना परत द्यावा म्हणून मी तो मुंबईला आणला आणि बोरा बाजारात घेऊन गेलो. दुकानदारानं मोबाइलच्या टॉर्चखाली लेन्स धरली आणि म्हणाला, ‘पुढची काच गेली. शोकेसमध्ये ठेवा.’ घरी येऊन इंटरनेट उघडलं. टूथपेस्ट लावून घासा, पितळ चकचकीत करायची पेस्ट लावा, ओरखड्यात व्हॅसलीन भरा, असे सल्ले मिळाले. टूथपेस्टची ट्यूब हातात घेतलीसुद्धा होती.

पण माझं रोजचं काम सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं आहे. तिथे एक सवय लागते. चूक दुरुस्त करण्याआधी विचारायचं, की ती नेमकी कुठे दिसते आणि कोणाला दिसते? हा ओरखडा फोटोत कुठे दिसेल? उत्तर शोधायला बसलो तेव्हा कळलं, की भिंगं घडवणारे लोक चारशे वर्षं याच प्रश्नाभोवती फिरत आलेत.

मुळात भिंग घडतं ओरखड्यांतूनच

नोव्हेंबर १६०९मध्ये आलेल्या एका पत्राच्या कागदावर गॅलिलिओनं खरेदीची यादी लिहून ठेवली आहे. त्यात तांदूळ आहे, हरभरे आहेत, मुलासाठी चपला आणि टोपी आहे. आणि त्याच यादीत तोफेचे गोळे, राळ आणि नमद्याचा तुकडा आहे. घरसामानाच्या यादीत तोफेचे गोळे कशाला, असं वाटेल. भिंग घासायला गोल आकाराचा कडक साचा लागतो, त्यासाठी. काचेचा तुकडा अशा साच्यावर वाळूसारख्या खरखरीत पुडीबरोबर घासायचा, मग त्याहून बारीक पुडी, मग त्याहून बारीक. शेवटी राळेसारख्या मऊ पृष्ठभागावर झिलई द्यायची. साधनं बदलली, तरी मूळ पद्धत आजही हीच आहे.

घासायच्या या पुड्यांमध्ये एक जुनं नाव कुरुंदाचं. सहाणेला आणि धार लावायच्या चाकाला आपल्याकडे कुरुंदाचा दगड वापरतात तोच. इंग्रजीतलं त्याचं नाव भारतीय भाषांतूनच गेलं आहे.

म्हणजे भिंगाचा गोल आकार येतो तो काचेवर असंख्य ओरखडे पाडून. न्यूटननं १७०४च्या ‘ऑप्टिक्स’मध्ये झिलईचा अर्थच असा लावला आहे: झिलई केल्यानं ओरखडे नाहीसे होत नाहीत, ते इतके बारीक होतात की दिसेनासे होतात. हे पूर्ण खरं नाही हे पुढे कळलं. झिलई करताना काच कुरतडली जाण्यापेक्षा वेगळं, रेणूंच्या पातळीवरचं काही घडतं. तरी न्यूटनच्या म्हणण्यातला एक भाग मला फार आवडला. काच गुळगुळीत आहे की नाही, हे ठरतं प्रकाशाच्या मापानं. प्रकाशाच्या लहरीची लांबी मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाइतकी. त्याहून पुष्कळ बारीक असलेलं काही असलं, तर प्रकाशाच्या लेखी ते नसल्यातच जमा.

गॅलिलिओची भिंगं आजच्या हिशेबात टाकाऊ होती. काच हिरवट, आत बुडबुडे, कडेचा आकार बिघडलेला. त्यानं काय केलं? भिंगासमोर पुठ्ठ्याची चकती लावली, मधलं भोक ठेवलं आणि कडेचा खराब भाग झाकून टाकला. जे बिघडलंय ते दुरुस्त होत नसेल, तर त्यातून प्रकाश जाऊ देऊ नका. एवढी साधी युक्ती. १६१०च्या जानेवारीत त्यानं गुरूचे चंद्र पाहिले. त्याचं एक भिंग फ्लॉरेन्सच्या म्युझियममध्ये हस्तिदंताच्या नक्षीदार चौकटीत ठेवलं आहे. ते तडकलेलं आहे.

पंगतीतला एक वाढपी

ओरखडा फोटोत का दिसत नाही, याचं उत्तर केप्लरनं १६०४मध्येच देऊन ठेवलं होतं. दृष्टीचा अभ्यास करताना त्यानं मांडलं, की समोरच्या वस्तूच्या प्रत्येक बिंदूतून निघालेला प्रकाश शंकूसारखा पसरतो, भिंगाच्या सगळ्या पृष्ठभागावर पडतो आणि भिंग तो पुन्हा एका बिंदूत गोळा करतं.

आपल्या डोक्यात भिंग म्हणजे खिडकीची काच असते. खिडकीवर डावीकडे डाग असेल तर डावीकडचं झाड झाकलं जातं. भिंगाचं तसं नाही. झाडाच्या शेंड्याचा प्रकाश भिंगाच्या प्रत्येक भागातून येतो, बुंध्याचाही प्रत्येक भागातून येतो. पंगतीत शंभर वाढपी आहेत आणि प्रत्येक वाढपी प्रत्येक पानावर थोडं थोडं वाढतोय असं समजा. त्यातला एक घरी निघून गेला तर कुठलंही पान रिकामं राहत नाही. सगळ्यांच्या पानात भात किंचित कमी पडतो, एवढंच. अर्धं भिंग हातानं झाका, चित्र पूर्णच उमटतं, फक्त अंधुक होतं. शाळेत भिंग आणि मेणबत्ती घेऊन हा प्रयोग करता येतो.

मी बाबांच्या लेन्सचा हिशेब करून पाहिला. लेन्स ५० मिमीची, एफ २. म्हणजे प्रकाश आत शिरायची वाट २५ मिमी व्यासाची, क्षेत्रफळ सुमारे ४९० चौरस मिमी. ओरखडा १० मिमी लांब आणि, सढळ हातानं धरला तरी, ०.०५ मिमी रुंद. म्हणजे अर्धा चौरस मिमी. हजारातला एक भाग. एवढा फरक कुठल्याही डोळ्याला किंवा फिल्मला कळायचा नाही.

याहून मोठा दाखला टेक्सासमधला आहे. तिथल्या मॅकडॉनल्ड वेधशाळेत १०७ इंची, म्हणजे २.७ मीटरच्या आरशाची दुर्बीण नुकतीच उभी राहिली होती. ५ फेब्रुवारी १९७० रोजी, मानसिक तोल गेलेला एक कर्मचारी पिस्तूल घेऊन आला आणि त्यानं मुख्य आरशावर सात गोळ्या झाडल्या. आरसा वितळवून घडवलेल्या सिलिकाच्या जाडजूड ठोकळ्याचा होता. तो फुटला नाही, त्यात सात खड्डे पडले. तंत्रज्ञांनी खड्ड्यांच्या कडा कोरून साफ केल्या आणि खड्डे काळे रंगवले. किती नुकसान झालं? दुर्बिणीची प्रकाश गोळा करण्याची क्षमता एक टक्क्याच्या आसपास घटली. त्या दुर्बिणीनं पुढे अनेक दशकं संशोधन झालं.

खड्डे काळे का रंगवले, हा खरा मुद्दा आहे. खड्डा प्रकाश अडवतो, त्याचं फारसं काही नाही. पण त्याच्या वेड्यावाकड्या कडा प्रकाश भलतीकडे उधळतात, आणि तो उधळलेला प्रकाश चित्रात धुकं बनून पसरतो. काळा रंग त्याला गिळून टाकतो. कॅमेरे दुरुस्त करणारे जुने कारागीरही हेच करत आले आहेत. भिंगाला टवका उडाला किंवा खोल चर पडली, की बारीक ब्रशनं तेवढ्यातच काळा रंग भरायचा. बघणाऱ्याला लेन्स आधीपेक्षा वाईट दिसते, फोटो मात्र सुधारतो.

मळलेली भिंगं जास्त उजळ

आता गोष्टीला एक वळण येतं, आणि हेच मला सगळ्यात जास्त आवडलं.

साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. एका भिंगाला दोन पृष्ठभाग. तीन सुटी भिंगं असलेल्या लेन्समध्ये सहा पृष्ठभाग, म्हणजे जवळजवळ २२ टक्के प्रकाश वाया. नुसता वाया गेला असता तरी चाललं असतं. पण परत फिरलेला प्रकाश दुसऱ्या पृष्ठभागावर आपटतो, पुन्हा वळतो आणि त्यातला काही शेवटी फिल्मवर नको तिथे पोचतो. काळा रंग राखाडी होतो. दादासाहेब फाळक्यांनी १९१२मध्ये लंडनला घेतलेल्या विल्यमसन कॅमेऱ्याची लेन्स याच काळातली. ‘राजा हरिश्चंद्र’च्या पिढीतल्या छायाचित्रकारांना ओरखड्यापेक्षा कितीतरी मोठा शत्रू लेन्सच्या आतच होता, आणि तो वरून दिसत नव्हता.

या शत्रूमुळे चांगल्या रचना मागे पडल्या. झाइस कंपनीच्या पाउल रुडॉल्फनं १८९६मध्ये ‘प्लानार’ नावाची लेन्स रचली. कागदावर उत्तम. पण तिच्यात हवेला लागलेले आठ पृष्ठभाग होते, म्हणून चित्रावर धुकं यायचं. १९०२मध्ये आलेल्या ‘टेसार’मध्ये असे सहाच पृष्ठभाग होते आणि बाजारात तिचंच राज्य झालं. बाबांच्या लेन्ससारख्या ५० मिमीच्या बहुतेक लेन्स प्लानारच्या कुळातल्या आहेत. त्या कुळाला चांगले दिवस यायला चार दशकं लागली.

तो मार्ग मळलेल्या काचेतून निघाला. १८८६मध्ये लॉर्ड रॅले यांच्या लक्षात आलं, की जुनी, हवेनं काळवंडलेली काच ताज्या काचेपेक्षा जास्त प्रकाश आरपार जाऊ देते. पुढच्या काही वर्षांत हेच इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात, कुक कंपनीत काम करणाऱ्या हॅरॉल्ड डेनिस टेलरला दुर्बिणीच्या जुन्या भिंगांवर दिसलं. काही भिंगांवर वर्षानुवर्षांत एक निळसर-जांभळट साय धरायची. मालक हवालदिल व्हायचे. टेलरनं दुर्बिणीच्या भिंगांवर लिहिताना त्यांना धीर दिला, की जिच्याकडे तुम्ही संशयानं बघता ती साय तुमची चांगली मैत्रीण आहे, तिच्यामुळे भिंग जास्त पारदर्शक झालंय.

कारण असं, की त्या सायीचा थर योग्य जाडीचा असेल तर तिच्या वरच्या आणि खालच्या बाजूंनी परत फिरणारे दोन प्रकाश एकमेकांना मारून टाकतात. परत फिरायला काही उरत नाही, म्हणून सगळा प्रकाश पुढे जातो.

टेलरनं १९०४मध्ये रसायनांनी मुद्दाम अशी साय आणायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. ती भरवशाची ठरली नाही. एका प्रकारच्या काचेवर चालायची, दुसऱ्यावर नाही. पण एक गोष्ट पक्की झाली होती: भिंगाकडे पाहून जे खराब वाटतं, ते भिंगातून पाहताना चांगलं असू शकतं. भिंगाकडे बघणारा आणि भिंगातून बघणारा, या दोघांचं मत जुळेलच असं नाही.

शंभर नॅनोमीटर

१९३०च्या दशकात हा थर मुद्दाम आणि हव्या त्या जाडीचा चढवता येऊ लागला. झाइसमध्ये अलेक्झांडर स्माकुलानं निर्वात पेटीत पदार्थाची वाफ करून ती काचेवर बसवण्याचं तंत्र काढलं, १९३५मध्ये त्याचं पेटंट झालं, आणि जर्मन सैन्यानं ते गुपित ठेवलं. अमेरिकेत जॉन स्ट्राँगनं १९३६मध्ये स्वतंत्रपणे तेच साधलं.

१९३८मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत कॅथरीन ब्लॉजेटनं वेगळी वाट काढली. केंब्रिजमधून भौतिकशास्त्रात पीएचडी मिळवणारी ही पहिली स्त्री. तिनं पाण्यावर साबणासारख्या पदार्थाचा एकाच रेणूच्या जाडीचा पापुद्रा तरंगवला, काच त्यात बुडवून वर काढली आणि असे ४४ थर चढवले. काच जणू नाहीशी झाली, इतकी चमक गेली. अडचण एकच: थर इतका मऊ होता, की बोटानं पुसला जायचा.

इथून पुढे झगडा सुरू झाला तो काचेच्या नव्हे, तिच्यावरच्या लेपाच्या ओरखड्यांशी. सुरुवातीच्या लेपांचा मऊपणा ओळखून काही उत्पादक ते फक्त आतल्या पृष्ठभागांवर द्यायचे, जिथे कोणाचा रुमाल पोचत नाही. मग मॅग्नेशियम फ्लोराइड आलं, आणि काच तापवून त्यावर वाफ बसवली तर लेप घट्ट धरतो हे कळलं. दुसऱ्या महायुद्धात दुर्बिणींना, बंदुकीच्या नेमयंत्रांना असे लेप दिले गेले. युद्धानंतर ते लोकांच्या कॅमेऱ्यांवर आले. झाइसच्या लेन्सवर लाल ‘टी’ हे अक्षर दिसायला लागलं, ते याच लेपाचं. प्लानारचं कुळ पुन्हा उभं राहिलं. बाबांच्या लेन्सवर लिहिलेलं ‘एमएल’ म्हणजे त्याच्या पुढची पायरी, अनेक थरांचा लेप.

मॅग्नेशियम फ्लोराइडच्या अशा एका थराची जाडी किती असते? सुमारे १०० नॅनोमीटर. आपला केस त्याच्या काहीशे पट जाड.

आता टूथपेस्टकडे येऊ. टूथपेस्टमध्ये दात घासायला खडूसारखी किंवा सिलिकाची पूड असते. तिचे कण मायक्रॉनच्या मापाचे, म्हणजे लेपाच्या जाडीच्या कितीतरी पट मोठे. ओरखडा समजा दोन मायक्रॉन खोल आहे. तो ‘घालवायचा’ म्हणजे त्याच्या तळापर्यंत आजूबाजूची सगळी काच उतरवायची. तोवर लेप केव्हाच गेलेला असतो, आणि काचेचा गोल आकारही. तो आकार लहरीच्या अंशापर्यंत अचूक घासलेला असतो. बोटानं गोल गोल फिरवून तो परत येत नाही. हजारातल्या एका भागाची चूक सुधारायला गेलो असतो आणि हजारच्या हजार भाग बिघडवून बसलो असतो.

मी ट्यूब खाली ठेवली.

ओरखड्याला नंबर देणारी माणसं

युद्धात प्रकाशीय उपकरणांचं उत्पादन प्रचंड वाढलं आणि कारखान्यांत नवंच भांडण उभं राहिलं. एक तपासनीस भिंग पास करायचा, दुसरा तेच नापास करायचा. ओरखडा किती म्हणजे जास्त? कोडॅक कंपनीतल्या मॅकलिऑड आणि शेरवुड या दोघांनी १९४५मध्ये यावर एक पद्धत सुचवली. वेगवेगळ्या ठळकपणाचे नमुना ओरखडे तयार करायचे, त्यांना १०, २०, ४०, ६०, ८० असे नंबर द्यायचे, आणि ठरावीक प्रकाशात भिंगावरचा ओरखडा डोळ्यांनी त्यांच्याशी ताडून बघायचा. अमेरिकी लष्करानं ही पद्धत उचलली आणि आजही लेन्सच्या कॅटलॉगात ‘६०-४०’ असे आकडे त्याच घराण्यातून येतात. यातला दुसरा आकडा टवक्याचा: ४० म्हणजे ०.४० मिमी व्यासाचा खळगा. पहिला आकडा ओरखड्याचा, आणि त्याचा अर्थ किती रुंदी यावर पुढे कित्येक दशकं वाद चालले.

वाद चालले कारण तो आकडा रुंदीचा नव्हताच. तो ‘किती ठळक दिसतो’ याचा होता. त्या दोघांच्या लेखाच्या नावातच ‘दिसण्यातले दोष’ असे शब्द आहेत. कारागिरी नीटनेटकी आहे की नाही, हे जोखायचं ते साधन होतं. लेन्स काम कसं करेल, याच्याशी त्याचा संबंध अगदी थोडा.

आमच्या कामात चुकीला दोन वेगळे शेरे देतात: ती किती गंभीर आहे, आणि ती किती तातडीनं सुधारायची. बटणाचा रंग चुकला, तर ते सगळ्यांना दिसतं, बोंबाबोंब होते, पण बिघडत काही नाही. आत हिशेब चुकत असेल, तर तो महिनोन्‌महिने कोणाला दिसत नाही. नवा इंजिनियर आधी बटणाचा रंग सुधारायला धावतो. मीही धावलो आहे. बोरा बाजारातला दुकानदारही चुकीचं बोलत नव्हता. तो लेन्स विकतो, म्हणून लेन्सकडे बघतो. टॉर्चखाली जो दिसतो तो ओरखडा किंमत पाडतोच.

मग करायचं काय?

बारीक ओरखडा असेल तर त्याला हात लावू नका. त्याचा त्रास होतो तो एकाच वेळी, प्रकाशाचा झोत थेट लेन्सवर पडत असताना. मावळतीचा सूर्य, समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे. तेव्हा ओरखडा स्वतःच उजळतो आणि फोटोवर पांढुरकी झाक येते. उपाय सावलीचा. लेन्सला हूड लावा, नसेल तर हाताचा तळवा वर धरा किंवा पाठ उजेडाकडे करून उभे राहा. ओरखडा खोल असेल तर काळ्या रंगाची जुनी युक्ती आहे, पण ती जाणत्या हातानं करायची. आणि ओरखडा मागच्या, फिल्म किंवा सेन्सरजवळच्या भिंगावर असेल तर तो जास्त गंभीर. तिथे प्रत्येक बिंदूचा शंकू निमुळता झालेला असतो, म्हणून तोच ओरखडा त्याचा मोठा वाटा अडवतो.

फोनची गोष्ट थोडी वेगळी. तिथली प्रकाशाची वाट तीनेक मिमीची धरली, तर तीन मिमी लांबीचा तेवढाच बारीक ओरखडा दोन टक्के जागा खातो. बाबांच्या लेन्सच्या वीस पट. रात्री दिव्यांभोवती शेपट्या दिसतात त्या बऱ्याचदा अशा ओरखड्यांच्या किंवा बोटाच्या तेलकट ठशाच्या. आधी पुसून बघा. ओरखडा निघाला तरी तो बहुधा वरच्या संरक्षक काचेवर असतो आणि ती बदलता येते. काही फोनवर ही काच नीलमण्याची, म्हणजे कृत्रिम सफायरची असते. नीलम आणि कुरुंद हे मुळात एकच खनिज. ज्यानं काच घासायचे, तेच आता काचेच्या रक्षणाला बसवलंय.

पुसण्याचा क्रम मात्र पाळा. वाळूत क्वार्ट्‌झ असतं, आणि ते काचेहून कठीण. म्हणून आधी रबरी ब्लोअरनं कण उडवायचे, मग मऊ ब्रश, आणि त्यानंतरच स्वच्छ मायक्रोफायबर, मधून बाहेर, जोर न देता. टी-शर्ट कधीच नाही.

आणि आपल्याकडे ओरखड्यापेक्षा मोठी भीती पावसाळ्याची. दमट हवेत भिंगाच्या आत बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते आणि तिच्या आम्लांनी लेप कायमचा खाल्ला जातो. दुसऱ्या महायुद्धात न्यू गिनीच्या जंगलांत सैन्याच्या दुर्बिणी अशाच आंधळ्या व्हायला लागल्या, तेव्हा मेलबर्नच्या शास्त्रज्ञांना त्यावर औषध शोधायच्या कामाला लागावं लागलं. ओरखडा आहे तेवढाच राहतो. बुरशी वाढते. बाबांची लेन्स मी टॉर्चवर धरून आरपार पाहिली, तर कडेला एक छोटा पांढरा ठिपका दिसला. वीस वर्षांत कोणी तिकडे पाहिलं नव्हतं, कारण सगळ्यांचं लक्ष समोरच्या रेघेवर. तो ठिपका मी दुरुस्तीवाल्याकडून साफ करून घेतला. ओरखडा तसाच ठेवला.

छत्तीस फोटो

मग एक रोल घातला आणि साताऱ्याला गेलो. छत्तीस फोटो काढले: आई, अंगण, अजिंक्यतारा, शेजारची मुलं. धुऊन आल्यावर एकेक फोटो झूम करून पाहिला. एका फोटोवर, ज्यात सूर्य समोर होता, पांढुरकी झाक आहे. बाकी पस्तिसांत ओरखडा शोधून सापडत नाही.

ते बाबांना दाखवले आणि इतक्या वर्षांनी विचारलं, ‘माझ्यामुळे तुम्ही फोटो काढणं सोडलंत ना?’

‘तुझ्यामुळे कशाला?’ बाबा म्हणाले. ‘त्याच वर्षी तुझी शाळा बदलली. रोल, धुलाई, प्रिंट, सगळं मिळून दर महिन्याला कुठून आणायचे?’

‘मग तेव्हा लेन्स उन्हात धरून एवढा वेळ काय बघत होतात?’

‘अजून एखादा वाळूचा कण राहिलाय का, ते.’

मी आणलेला ब्लोअर त्यांनी उचलला, दोनदा दाबून पाहिला आणि लेन्सवर फुस्स केलं. मग मला खिडकीजवळ जायला सांगितलं. मी खिडकीला पाठ करून उभा राहिलो.

‘तसा नको,’ ते म्हणाले. ‘तोंड उजेडाकडे कर. लेन्सवर ओरखडा आहे.’